मुदतवाढ

दिल्ली
८ फेब्रुवारी २०२४

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

मला आता फार कमी ऐकू येतं, फोनवर तर काहीच नाही, हे तू बाबांच्या तेराव्याला पाहिलंसच. तू काही विचारत होतीस आणि मी भलतंच उत्तर देत होते. म्हणून लिहिते आहे.

तू, सुजयराव आणि इशिता बंगळूरुला परत गेलात त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी विश्वास नगरकर येऊन गेले. आपण ह्या फ्लॅटला आपला म्हणतो, पण तो विकत घेतलेला नाही. जमीन आणि इमारत ट्रस्टची. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर तो तुझ्या बाबांना मिळाला होता, आणि ती मुदत ह्या सप्टेंबरअखेर संपते. त्याआधी अर्ज केला तर आणखी तीस वर्षं वाढवून मिळतात. मात्र अर्ज करायचा मूळ पट्टेदाराने, नाहीतर त्याच्या बायकोने किंवा मुलांनी. म्हणजे तूच. अर्ज गेला नाही तर घर ट्रस्टकडे परत.

तू मार्चमध्ये येशील तेव्हा विश्वासरावांना भेट. माझ्याबद्दल तुला वेगळं सांगायला नको. बाबा मला नेहमी म्हणत, "मी रेवतीशी बोललोय, तू निर्धास्त राहा." त्या भरवशावरच आहे.

घर फार शांत झालंय. ऐकू येत नसूनही ते कळतं.

तुझी,
चंद्रप्रभामावशी

---

बंगळूरु
२६ फेब्रुवारी २०२४

ती. चंद्रप्रभामावशी,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, दिल्लीत वाढलेल्यांचं असतं तसं, तेव्हा चुका माफ करा.

लीजचं कळवलंत हे बरं केलंत. सुजयने इथल्या एका वकिलाशी बोलून घेतलंय. ॲप्लिकेशन मी करीनच. आईने ते घर मांडलं, मी तिथे लहानाची मोठी झाले, ते ट्रस्टला परत देण्याचा प्रश्नच नाही.

तुमच्याबद्दल बाबांनी मला सांगितलं होतं. त्यांच्यानंतर तुम्ही नोएडाला जयदीपदादांकडे जाणार, तसं तुमच्या दोघांत ठरलंय, म्हणून. घाई बिल्कुल नाही. उन्हाळा होऊ दे, सावकाश सामान हलवा. बाबांचं तुम्ही शेवटपर्यंत केलंत, ते मी विसरणार नाही.

एकच विनंती. आईच्या कपाटाला हात लावू नका. ते मी आल्यावर बघेन.

तुमची,
रेवती

---

दिल्ली
७ मार्च २०२४

चि. रेवती,
आशीर्वाद.

जयदीपकडे? हे तुला कोणी सांगितलं? बाबांनी?

तुला माहीत नसेल तर सांगते. तेरा वर्षांपूर्वी मी ह्या घरात राहायला आले, त्या दिवसापासून माझा मुलगा माझ्याशी बोललेला नाही. तो नोएडात राहतो एवढंच मला ठाऊक आहे. सेक्टरही बदलला म्हणे, तेही ऐकीवच. त्याला मुलगा झाला ते मला मंडळाच्या गणपतीत एका बाईने सांगितलं, आणि मी "हो, कळलं" असं म्हटलं. असं सगळं असताना मी त्याच्याकडे जाणार, हे मी कधी ठरवीन?

आता तूच आठवून पाहा. मागच्या दिवाळीला तू आलीस, तेव्हा बाबांची चाकांची खुर्ची बाल्कनीत नेऊन तुम्ही दोघं कितीतरी वेळ बोलत बसला होतात. मी चहा ठेवून आत गेले. तू निघालीस त्या रात्री ते मला म्हणाले, "झालं बोलणं. तू जिवंत आहेस तोवर हे घर तुझं, रेवतीने कबूल केलंय." आणि निघताना तू मला मिठी मारली होतीस. आधी कधी मारली नव्हतीस. तोच तुझा होकार, असं मी धरून चालले.

तू येतेस कधी? समोरासमोर बोलू. तुझे ओठ दिसले की मला पुष्कळ समजतं.

चंद्रप्रभामावशी

---

बंगळूरु
२१ मार्च २०२४

ती. मावशी,

माझं येणं लांबलंय. इशिताची बारावीची परीक्षा चालू आहे.

दिवाळीला बाबा माझ्याशी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ते म्हणाले, "चंद्रप्रभाची काळजी तू करू नकोस, तिची सोय झाली आहे. घर तुझंच आहे." मला इतकं हलकं वाटलं की निघताना मी तुम्हाला मिठी मारली. सगळं सरळपणे निस्तरलं, कोणालाही दुखवावं लागलं नाही, म्हणून. तो होकार नव्हता मावशी.

बाबा खोटं बोलले असं तुम्हाला सुचवायचंय का? मी त्यांना ओळखते. आयुष्यभर सचिवालयात त्यांच्या सरळपणाची उदाहरणं देत लोक.

असो. एक अडचण निघाली आहे. ट्रस्टचा नियम असा की फ्लॅटमध्ये कुटुंबाबाहेरचं कोणी राहत असेल तर ते कोण आणि कशासाठी राहतं ते कळवायला लागतं, आणि त्या माणसाने घरावर आपला हक्क नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायला लागतं. ते नसलं तर मुदतवाढ नाही. वकिलाने मसुदा केलाय, सोबत पाठवते. त्यात तुम्हाला केअरटेकर म्हटलंय. सगळ्यात सोपं तेच आहे, दुसरं काही लिहिलं तर ट्रस्ट शंभर प्रश्न विचारेल. फक्त कागद आहे. सही करून नोटरीकडून पक्कं करून विश्वासकाकांकडे द्या.

रेवती

---

दिल्ली
९ एप्रिल २०२४

रेवती,

आज पाडवा. बाबा असते तर मंडळाच्या गुढीला गेलो असतो. मी गेले नाही. तुझा मसुदा पुन्हा वाचत बसले.

"मी कै. गुणवंत सरदेशपांडे यांच्या घरी पगारी केअरटेकर म्हणून काम करत होते." हे वाक्य माझ्या तोंडचं आहे, असं तुझा वकील म्हणतो.

अर्धांगाचा झटका आल्यावर पुढची दोन वर्षं मी त्यांना अंघोळ घातली, भरवलं, कुशीवर वळवलं, हे खरं. पण त्याआधीची अकरा वर्षं? तेव्हा ते चांगले हिंडतेफिरते होते. तेव्हा मी कोणाची केअर घेत होते? आम्ही सकाळी फिरायला जात होतो, भाजीवरून भांडत होतो, एका ताटात आंबा खात होतो.

लग्न का नाही केलं, हे तू कधी विचारलं नाहीस. मी विचारलं होतं, एकदा. पुन्हा लग्न केलं तर धारकरांच्या मागे मला मिळणारं विधवा-पेन्शन बंद होतं. बाबा म्हणाले, "कागदाने काय होतं? पेन्शन कशाला सोडतेस?" मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं. आता तूही म्हणतेस, फक्त कागद आहे. बापलेकीचं ह्यात एकमत आहे.

घरावर माझा हक्क नाही असं लिहून द्यायला मी आत्ता तयार आहे. नव्हताच कधी. पण पगारी बाई होते असं लिहिणार नाही.

चंद्रप्रभा

---

बंगळूरु
११ मे २०२४

मावशी,

एक महिना मी उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. आता लिहितेच.

तुम्ही तुमची तेरा वर्षं सांगितलीत. माझीही तेवढीच झाली. आई त्या घरात वारली आणि वर्ष व्हायच्या आत तुम्ही आलात. मी सुट्टीला आले तर दाराला नवीन कुलूप होतं आणि माझी किल्ली लागेना. माझ्याच घराची बेल वाजवून मी उभी राहिले. दार तुम्ही उघडलंत आणि म्हणालात, "ये ना, आत ये." यजमानीण म्हणते तसं. तुम्ही वाईट वागला नाहीत, मला माहीत आहे. पण त्या दिवसानंतर मी त्या घरी पाहुणी झाले ती झालेच. आणि मला कोणी विचारलंही नाही. बाबांनी फोनवर सांगितलं, "घरात कोणी असलं की बरं असतं." बस्स. तुमच्याबद्दल मला मिळालेली माहिती ती एवढी.

तुम्ही कोण होतात हे मी कुठल्या शब्दात लिहू? बायको नाही. नातेवाईक नाही. बाबांनी कधी शब्दच दिला नाही. मग वकिलाने त्याच्याकडे होता तो दिला.

सप्टेंबर जवळ येतोय. तुम्ही सही केली नाहीत तर घर ट्रस्टकडे जाईल, मग तुम्हीही बाहेर आणि मीही. तेच हवंय का तुम्हाला? सही करा. मुदत वाढली की तुम्हाला हवं तोपर्यंत तिथे राहा. माझा शब्द आहे. मी बाबांची मुलगी आहे, शब्द पाळते.

रेवती

---

दिल्ली
१४ जून २०२४

रेवती,

सही केली.

काल विश्वासराव मला घेऊन गेले. कोर्टाच्या कुंपणाबाहेर नोटरी झाडाखाली टेबलं टाकून बसतात. उन्हाने जीव नकोसा झाला होता. आमच्या नोटरीने मला आधी पाणी दिलं, खुर्ची दिली. भला माणूस. कागद वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणून अगदी ओरडून विचारलं, "आंटीजी, कितने साल काम किया इनके यहाँ?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

मी म्हटलं, "तेरह साल."

"तनख़्वाह टाइम पे देते थे?"

"हाँ."

"फिर तो अच्छे लोग थे," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

विश्वासराव सगळा वेळ मोबाइलमध्ये बघत होते. परत येताना रिक्षात ते एकदम म्हणाले, "वहिनी, माफ करा." तेरा वर्षं ते मला धारकरबाई म्हणत आले. वहिनी म्हणाले ते काल, शिक्का बसल्यावर.

तू लिहिलेलं बेलचं मी वाचलं. ते मला कधी सुचलं नव्हतं. कुलूप बाबांनी बदललं होतं, जुनं अडकायचं म्हणून. तुला नवी किल्ली पाठवली आहे असं त्यांनी मला सांगितलं होतं.

चंद्रप्रभा

---

बंगळूरु
१० ऑक्टोबर २०२४

ती. मावशी,
सा. न.

चांगली बातमी! मुदतवाढ मंजूर झाली. पुढची तीस वर्षं लीज माझ्या नावावर. तुमच्या सहीशिवाय हे झालं नसतं. थँक्यू म्हणणं फार लहान आहे.

मधल्या काळात मी पत्र लिहिलं नाही, कारण इशिताच्या ॲडमिशनची धावपळ होती. तिला दिल्लीतच कॉलेज मिळालं! सध्या मैत्रिणीकडे आहे, दसरा झाला की घरी राहायला येईल. मला इतका आनंद झालाय, आईच्या घरात आईची नात.

मी शब्द दिला होता तो पाळतेय. तुम्ही बिल्कुल कुठे जायचं नाही. उलट तुमचा आधारच होईल. इशिताला स्वयंपाकातलं काही येत नाही, बाहेरचं खाऊन आजारी पडते. तुम्ही तिचं जेवणखाण बघितलंत, घरावर लक्ष ठेवलंत, तर मी इथे निश्चिंत. महिन्याला मी काहीतरी पाठवत जाईन, प्लीज नाही म्हणू नका. तिला अभ्यासाला मोठी खोली लागेल, तेव्हा तुमचं सामान मागच्या खोलीत लावून घ्या. ती पण छान आहे, सकाळचं ऊन येतं.

इशिता खूश आहे. मैत्रिणींना सांगत होती, "घरी आजोबांच्या वेळच्या एक मावशी आहेत, त्या सगळं बघतात."

तुमची,
रेवती

---

मुनिरका, दिल्ली
५ नोव्हेंबर २०२४

रेवतीस,

वरचा पत्ता पाहून तुला कळलं असेल. दिवाळीआधीच मी घर सोडलं. किल्ल्या विश्वासरावांकडे आहेत. तुझ्या आईचं कपाट जसं होतं तसं आहे.

तू मला टाकून बोललीस असं मी म्हणत नाही. तू चांगल्या मनाने लिहिलंस. तेच मला सहन झालं नाही. मी कागदावर खोटं लिहून दिलं होतं. तू ते वाचून खरं धरलंस आणि मला कामाला ठेवलंस.

मावशी हा शब्द आपल्यात दोन प्रकारच्या बायकांना म्हणतात. तू मला पहिल्या अर्थाने म्हणतेस असं मला वाटायचं. इशिता दुसऱ्या अर्थाने म्हणते. तिचा दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नाही.

आता बाबांबद्दल. दरवर्षी जानेवारीत आम्ही मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायचो. महाराष्ट्रातून माणसं यायची, ओळखी व्हायच्या. कोणीतरी विचारायचं, "आणि ह्या?" बाबा हसून म्हणायचे, "ह्या आमच्या धारकरबाई." आणि लगेच लढाईबद्दल बोलायला लागायचे. किती मान देऊन बोलतो हा माणूस, असं मला वाटायचं. मानाबिनाचं काही नव्हतं ते. माझ्या मुलाला ते भेटायला जाणार होते, गेले नाहीत. तुझ्याशी बोलणार होते, बोलले नाहीत. समोर जो असेल त्याला बरं वाटेल ते सांगायचं आणि पुढच्या दारी तसंच. तुझे बाबा भित्रे होते, रेवती. प्रेमळ होते, आणि भित्रे होते. आपण दोघी वर्षभर एकमेकींना खोटं पाडत बसलो, आणि खोटं बोलणारा हार घालून भिंतीवर.

इथे विद्यार्थी राहतात. शेजारच्या खोलीत आपल्या लातूरकडची एक मुलगी आहे, अश्लेषा, कलेक्टर व्हायला आली आहे. खोली लहान आहे. भाडं मी माझ्या पेन्शनमधून देते, माझ्या नावाने.

चंद्रप्रभा धारकर

---

दिल्ली
१६ जानेवारी २०२५

ती. मावशी,

बाबांच्या वर्षश्राद्धासाठी आले आहे. हे पत्र विश्वासकाका तुम्हाला आणून देतील.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुमच्यावर फार चिडले होते. बाबांना भित्रं म्हणणाऱ्या तुम्ही कोण, असं. काल विश्वासकाकांना मी सगळं विचारलं. बाबांनी त्यांना तिसरंच सांगितलं होतं. "ट्रस्टला लिहून चंद्रप्रभाचं नाव पट्ट्यात घालून घेतोय, रेवतीची हरकत नाही." चार वर्षं सांगत होते. ट्रस्टला एक ओळ लिहिली नाही.

मी रात्रभर त्यांच्या फोटोसमोर बसले. भांडता येत नाही.

इशिता इथे जेमतेम दोन आठवडे राहिली. एकटीला घर खायला उठतं म्हणाली, होस्टेलला गेली. श्राद्ध झालं की मी कुलूप लावून जाणार. परत या ना. मोठ्या खोलीत राहा, कोणाचं काही करू नका. पट्ट्याच्या कागदात मात्र मला काही बदलता येणार नाही. सुजय म्हणतो, आता वेगळं लिहिलं तर आधीचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरेल आणि मुदतवाढच रद्द होईल. पण तो फक्त...

ते वाक्य मी पुरं करत नाही.

श्राद्धाला तरी या. रविवारी सकाळी.

रेवती

---

मुनिरका
३ फेब्रुवारी २०२५

रेवतीस,

श्राद्धाला आले नाही. कुठे बसले असते? गुरुजींनी विचारलं असतं, ह्या कोण, आणि तू माझ्याकडे पाहिलं असतंस. तुला त्या संकटात टाकायचं नव्हतं आणि मलाही पडायचं नव्हतं. परतही येणार नाही. तू बोलावलंस ते मनापासून, हे मला कळलं. उशीर झाला, एवढंच.

दुसरी एक गोष्ट घडली ती सांगते, दुसरं कोणी नाही सांगायला.

विश्वासरावांनी जयदीपला शोधून काढलं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तो इथे आला. केस पिकलेत त्याचे. चपला काढू की नको असा दारात उभा राहिला. मग माझ्या खाटेच्या कडेवर बसून वहीत लिहून लिहून बोलला, कारण त्याचं बोलणं मला ओठांवरून समजेना. तेरा वर्षांत त्याच्या ओठांची सवय मोडली. त्याने लिहिलं, "आई, घरी चल."

मी म्हटलं, "सोसायटीत माझ्याबद्दल काय सांगशील?"

त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, "सांगेन, इतकी वर्षं साताऱ्याला मामाकडे होती."

"साताऱ्याला?"

"मग काय सांगू?"

तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तेरा वर्षं तुझ्याकडच्या कागदावर नोकरी झाली, त्याच्याकडे माहेरपण होणार. मी जिथे होते तिथे मी होते, एवढं म्हणणारं कोणी मला हवं होतं.

मी त्याला वरणभात वाढला. पोटभर जेवला. निघताना खुणेने विचारलं, न्यायला कधी येऊ? मी म्हटलं, "न्यायला येऊ नकोस. भेटायला ये. रविवारी ये." त्याने मान हलवली आणि जिना उतरला.

गेल्या रविवारी तो आला नाही. कालच्याही नाही. दोन्ही वेळा मी भाजी जास्त केली होती.

चंद्रप्रभा धारकर